पैसा परदेशी होता, प्रश्नही परदेशीच होते
खान्देशातल्या तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, जळगाव / धुळे / नंदुरबार

महोदय,

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशांना दिली जाणारी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याच्या आदेशावर सही केली. आपल्याकडे ती बातमी टीव्हीवर जेमतेम दोन मिनिटं आली असेल. पण मी खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक आहे, आणि त्या आठवड्यात आमचा फोन थांबत नव्हता. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, आते गोया बंद व्हई जातीन का?"

नाही, गोळ्या बंद होणार नाहीत, असं मी प्रत्येकाला सांगितलं. ते खरंही होतं. आपल्याकडच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या उपचाराच्या, गोळ्या अमेरिका विकत घेत नाही. त्या केंद्र सरकार घेतं, नाकोमार्फत, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. लोकांनी घाबरू नये म्हणून एवढं सांगणं पुरेसं होतं. आपणा समिती सदस्यांना मात्र पुढचंही सांगायला हवं, कारण फोन करणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. या कार्यक्रमाचा पैसा आता बराचसा आपला आहे, पण त्याचा साचा अजून दात्यांनी घडवलेलाच आहे. आणि त्या साच्यात आपले तीन जिल्हे कधीच नीट बसले नाहीत.

थोडं मागे जाते. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला १९९२ मध्ये, जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या आधारावर. हे दान नव्हतं, कर्ज होतं, सवलतीचं असलं तरी कर्जच. मदत म्हटलं की आपण सरसकट हात जोडतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ते फेडलं जातं आपल्या करातून.

१९९९ मध्ये दुसरा टप्पा आला, १९.१ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन. बँकेचं म्हणणं होतं की पैसा राज्यांच्या कोषागारात अडकून पडतो. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून प्रत्येक राज्यात एड्स नियंत्रण संस्था नोंदवल्या गेल्या, सरकारी पण सरकारच्या चाकोरीबाहेरच्या. आपल्याकडची एमसॅक्स ही त्यातलीच. पैसा दिल्लीतून थेट संस्थेच्या खात्यात येई आणि माणसं कंत्राटावर घेतली जात. काम खरोखरच वेगाने उभं राहिलं, रक्तपेढ्या सुधारल्या, तपासणी केंद्रं तालुक्यापर्यंत आली. हे मी नाकारत नाही. माझं स्वतःचं प्रशिक्षणही टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'सक्षम' प्रकल्पातून झालं, आणि त्याचा पैसा ग्लोबल फंडाचा, म्हणजे एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा होता. ते प्रशिक्षण उत्तम होतं. मृत्यूची बातमी कशी द्यायची नाही आणि जगण्याची कशी द्यायची, हे मला तिथेच शिकवलं.

पण प्रकल्पाची माणसं प्रकल्पाचीच राहिली. समुपदेशक, लॅब टेक्निशियन, डापकूतला (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्षातला) डेटा सांभाळणारा, बाहेर फिरणारा कार्यकर्ता, सगळे ११ महिन्यांचे किंवा वर्षाचे. बँकेला पाच वर्षांचा प्रकल्प दिसत होता, पाच वर्षांनी आजार संपेल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपण तीच पद्धत पुढे ओढली. २०१४ मध्ये पैसा पुन्हा राज्यांच्या कोषागारातून फिरवायचं ठरलं आणि देशभर पगार अडकले. ज्या अडचणीवर उपाय म्हणून ही समांतर यंत्रणा उभी केली होती ती अडचण परत आली, आणि यंत्रणेतली माणसं तेव्हाही कंत्राटीच होती. दोन्हीकडचा तोटा आमच्या वाट्याला आला. पगार लांबला की पहिला राजीनामा सगळ्यात अनुभवी माणसाचा येतो, कारण बाहेर नोकरी त्यालाच मिळते.

आता रस्त्यांबद्दल. ही गोष्ट धुळ्याच्या सदस्यांना जास्त जवळची वाटेल.

२००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांच्या एका अहवालात म्हटलं होतं की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी एचआयव्हीबाधित असतील. त्याच सुमारास बिल गेट्स भारतात आले आणि त्यांनी १० कोटी डॉलर जाहीर केले. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री शत्रुघ्न सिन्हा त्यांच्यावर चिडले, घबराट पसरवताय म्हणाले. मंत्र्यांचं त्यावर हसं झालं. पुढे २००७ मध्ये नवी पाहणी आली आणि देशातल्या बाधितांचा ५७ लाखांचा अंदाज २५ लाखांवर आला. अडीच कोटींचा आकडा कुठल्या कुठे राहिला. सिन्हांची भाषा मला पटली नव्हती, पण आकडा कोण मांडतं आणि पैसा कोणत्या आकड्यामागे जातो, ही शंका त्यांनी घ्यायलाच हवी होती.

गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. सहा राज्यं निवडली, त्यांत महाराष्ट्र होता. सेक्स वर्कर, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, नशेची इंजेक्शनं घेणारे आणि हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर, हे त्याचे गट. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही तिथूनच फुटतो. कोणीही नकाशा उघडला तर बोट धुळ्यावरच पडणार. ढाब्यांवर निरोध आले, ट्रक टर्मिनलवर दवाखाने आले, पथनाट्यं झाली. त्या कामाने संसर्ग रोखले याबद्दल मला शंका नाही, आणि सेक्स वर्कर बायकांच्या समित्यांनी जे उभं केलं ते सरकारला एकट्याने जमलं नसतं. काही वर्षांनी 'आवाहन'चे प्रकल्प टप्प्याटप्प्याने सरकारकडे आले.

मात्र नजर रस्त्यावर खिळली ती तिथेच राहिली. नंदुरबारच्या सातपुड्यात धडगावचा घाट चढून वर गेलं की ट्रक लागत नाही.

एका बाईबद्दल लिहिते. तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. ती तिथल्याच अक्राणीकडच्या एका पाड्यावरची, पावरी बोलणारी. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको मुलांना घेऊन दक्षिण गुजरातला उसतोडीला जातात आणि होळीला परततात. होळी सातपुड्यात चुकवत नाहीत. जाण्याआधी ती तीन महिन्यांच्या गोळ्या न्यायला येते. एकेका बाटलीत ३० गोळ्या. ती माझ्या टेबलावरच झाकणं उघडते, बाटल्यांची लेबलं नखाने खरवडते, गोळ्या एका जुन्या बामच्या डबीत आणि उरलेल्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधते. गोळ्या बाटलीतच ठेव, ओल लागते, हे मी तिला सांगितलेलं आहे. तिनेही मला सांगितलेलं आहे की पडावावर सगळे एकाला लागून एक झोपतात आणि बाटली वाजली की मुकादमाची बायको विचारते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. चौथ्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तिला गुजरातच्या केंद्रात बदली चिठ्ठी घेऊन जावं लागतं. तिथे दिवस मोडला की उचल फिटत नाही. मग ती जात नाही. होळीला येते तेव्हा दोन महिन्यांचा खंड असतो, आणि आमच्या अहवालात तिच्या नावापुढे 'पाठपुराव्याबाहेर' असं लिहिलं जातं.

ती कोणत्या गटात बसते? सेक्स वर्कर नाही, ट्रक ड्रायव्हर नाही. स्थलांतरित म्हणावं, तर स्थलांतरितांसाठीचे प्रकल्प मुख्यतः शहरात गटाने राहणाऱ्या एकट्या पुरुष कामगारांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते. कोयत्याला कोयता लावून जाणारं जोडपं त्या व्याख्येत आलं नाही. मधल्या काळात गावपातळीवर काम करणारी लिंक वर्कर योजना आली. कल्पना चांगली होती, पण तीही बरीचशी दात्यांच्या करारांवर चालली. कोणता जिल्हा आत आणि कोणता बाहेर, हे करारात ठरायचं. करार कोणाशी, किती वर्षांचा, हे आपल्यापैकी कोणाला विचारलं गेलं होतं का? या समित्यांच्या एखाद्या बैठकीत त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली असेल तर मला इतिवृत्त वाचायला आवडेल.

आता कोणी म्हणेल, बाई परदेशी पैशावर घसरलीय. तसं नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा परदेशी कंपन्यांचा दर १० हजार डॉलरच्या वर होता. जगभरच्या गरीब रुग्णांचं नशीब त्याने पालटलं. पण आपल्याच राज्यातल्या कंपनीचं ते औषध आपल्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला, आणि तेही सुरुवातीला देशात आठ केंद्रांवर. मधल्या काळात ज्यांना परवडलं त्यांनी शेत विकून खासगीत औषध घेतलं, ज्यांना नाही परवडलं ते गेले. पुढे उपचार देशभर पसरले त्यात ग्लोबल फंडाच्या पैशाचा वाटा मोठा होता. तो पैसा आला नसता तर माझ्याकडे आज येणारे कितीतरी जण नसते. हे सांगताना मला संकोच नाही.

पैशाबरोबर अटी येतात, एवढंच म्हणायचंय. अमेरिकेने २००३ च्या कायद्यात अट घातली की वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे असं लेखी धोरण असलेल्या संस्थेलाच पैसा मिळेल. ज्या बायकांचा विश्वास मिळवायचा त्यांच्याच कामाचा निषेध आधी सही करून करायचा! सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने २००५ मध्ये अमेरिकी मदत सोडली. ब्राझीलने त्याच वर्षी चार कोटी डॉलर नाकारले. नाकारायलाही ऐपत लागते. संग्रामच्या मागे संघटित बायका होत्या, ब्राझीलच्या मागे अख्खा देश. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेच्या मागे काय असतं? घरमालकाचं थकलेलं भाडं. ती संस्था सही करते.

अटी फक्त परदेशातूनच येतात असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी योगदान कायदा बदलला आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे झिरपणारी वाट बंद झाली. आपल्याकडच्या लहान संस्थांना हीच एक वाट होती, कारण दिल्ली-मुंबईत जाऊन इंग्रजीत प्रस्ताव मांडणारी माणसं त्यांच्याकडे कधीच नव्हती.

आणि २०२५ मध्ये जे झालं ते आपण पाहिलंच. तृतीयपंथीयांसाठीचे 'मित्र' दवाखाने हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात बंद पडले. यूएसएड ही परदेशी मदत वाटणारी अमेरिकी सरकारची संस्थाच जुलैमध्ये गुंडाळली गेली. ग्लोबल फंडाने नोव्हेंबरमध्ये १८०० कोटी डॉलरचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आश्वासनं मिळाली ११३४ कोटींची. पुढची काही वर्षं हा पैसा आटत जाणार, हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मग पैसा आपला झाला म्हणजे प्रश्न मिटला का? २०२२ च्या उन्हाळ्यानंतर औषधांचा तुटवडा पडला तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर ४२ दिवस धरणं धरलं होतं. गोळ्या आपल्याच पैशाच्या होत्या आणि आपल्याच निविदा रखडल्या होत्या. त्या काळात केंद्राकेंद्रांवर महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या देण्याची वेळ आली. गावाहून येणाऱ्या माणसाला आठवड्याच्या गोळ्या म्हणजे काय, हे आपणास समजावून सांगायला नको. एका खेपेला मजुरी बुडते आणि घरी कारण सांगावं लागतं.

दाते पैसा देत होते तेव्हा ते विचारतही होते, ही गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. दर तिमाहीला अहवाल जायचा: किती तपासले, किती उपचारावर, किती जणांचे उपचार मध्येच सुटले, साठा किती दिवसांचा. आम्ही वैतागायचो. रात्री बसून रकाने भरायचो, आणि त्यातले अर्धे प्रश्न आमच्या भागाचे नसायचे. पण कोणीतरी विचारतंय म्हणून वर कोणीतरी हलायचं. अहवाल आजही वर जातात, नाकोला जातात. जिल्ह्यात मात्र ते कोणी मागत नाही. डांबरीकरणाचा एक किलोमीटर राहिला तर बैठकीत आवाज चढतात, आणि ते योग्यच आहे. त्याच बैठकीत एआरटीतून किती माणसं सुटली हे विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. महाराष्ट्रात देशातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित राहतात, तरी हा आजार आपल्या जिल्हा नियोजन समितीला परका वाटतो. मला वाटतं, याचं कारण पैसा नेहमी बाहेरून आला. ज्याचा पैसा त्याने बघावं, अशी सवय लागली.

ती सवय मोडण्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. मार्चअखेर अखर्चित निधी परत जाऊ नये म्हणून कशाकशाच्या खरेद्या होतात, हे आपणच जास्त जाणता.

नंदुरबारला आदिवासी घटक कार्यक्रमाचा निधी आहे. त्यातून सातपुड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत आठवडे बाजाराच्या दिवशी गोळ्या मिळण्याची आणि रक्ताचा नमुना देण्याची सोय होऊ शकते. बाजाराला आलेल्या बाईला कोणी विचारत नाही की तू तालुक्याला कशाला गेली होतीस. तिथे बसणारी व्यक्ती पावरी आणि भिली बोलणारी हवी, तिथलीच हवी, दुभाषा नको. आपल्या रोगाबद्दल नवऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडून बोलायची वेळ बाईवर येऊ नये. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्याने गुप्ततेची हमी दिली आहे, पण दुभाष्यामार्फत बोलणारीची गुप्तता कोण सांभाळणार?

उसतोडीला जाणाऱ्यांसाठी सहा महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हा निर्णय आपल्या हातात नाही. पण तशी मागणी जिल्ह्याच्या ठरावाने वर पाठवणं हातात आहे. दिवाळीआधी टोळ्या निघतात त्या नाक्यांवर तपासणी लावणं, सीमेपलीकडच्या गुजरातच्या जिल्ह्यांशी रुग्णांच्या बदलीबद्दल थेट बोलणं, हेही जिल्हाधिकारी पातळीवर होण्यासारखं आहे. त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहायला नको.

प्रवासाचं म्हणाल तर एचआयव्हीबाधितांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ती वापरणारे मी अगदी थोडे पाहिले. कंडक्टर गावचाच असतो, त्याच्यासमोर ते कार्ड काढायचं कसं? रोख भाडं खात्यावर टाका, कोणत्याही दुसऱ्या नावाखाली टाका. लोक येतील.

आणि आमच्या पगाराचं. कायम करा, हे मी आपल्याकडे मागत नाही, ते आपल्या अखत्यारीत नाही. पण वरून निधी लांबला तर दोन-तीन महिने तगवता येईल अशी तरतूद जिल्ह्यात असावी, निधी आला की ती परत वळती करून घ्यावी. रावेर-यावलला गारपिटीत केळी झोपली की पंचनाम्याची यंत्रणा हलते ना? पगाराविना रिकामी झालेली समुपदेशकाची खुर्ची पंचनाम्यात येत नाही, एवढाच फरक.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या, ही विनंती. जिल्हा शल्यचिकित्सक आणि डापकूला आधीच लेखी विचारा: गेल्या वर्षभरात उपचारातून किती जण सुटले, त्यांतले किती जण कामासाठी राज्याबाहेर होते, एचआयव्ही कार्यक्रमातली किती पदं रिकामी आहेत आणि कधीपासून, आज जिल्ह्यात गोळ्यांचा आणि तपासणी किटचा साठा किती दिवसांचा आहे. उत्तरं आकड्यांत मागा, नावं मागू नका. तिन्ही जिल्ह्यांची उत्तरं शेजारी ठेवलीत तर पहिल्याच बैठकीत बरंच उलगडेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा "माहिती उपलब्ध नाही" असं येईल, कारण ते आजवर कोणी मागितलेलंच नाही. तसं आलं तर पुढच्या तिमाहीला परत विचारा.

बैठकीत बोलायला एचआयव्हीसह जगणारे काही जण तयार आहेत. छायाचित्रकार आणि वार्ताहर बाहेर थांबणार असतील तर ते येतील. तारीख आठ दिवस आधी कळवावी, कारण त्यांना मजुरीतून सुट्टी काढावी लागते.

आपली विश्वासू,
एक कंत्राटी समुपदेशक, खान्देश